जैसलमेर राहिलं, फुफाटा पाहिला

आधीच सांगून टाकतो, हे जैसलमेरचं प्रवासवर्णन असणार होतं. मे महिन्यात वाळवंटात कोण जातं असं ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी विचारून झालं होतं, पण मला गर्दी नको होती आणि रात्रीची थंड वाळू पायाखाली घ्यायची होती, म्हणून पुण्याहून आधी नागपूर, मामांकडे एक मुक्काम, आणि तिथून पुढे राजस्थान असा प्लॅन. नागपूरला उतरलो तेव्हा पुढचं तिकीट वेटिंग ११ होतं, चार्ट लागला तेव्हा वेटिंग ४. संपलं. आठवडाभराची सुट्टी मंजूर आणि मी प्रतापनगरात मामांच्या हॉलमध्ये कूलरसमोर तोंड पाडून बसलेलो.

मामा रिटायर्ड आहेत. आयुष्यभर जमिनीच्या सर्वेची नोकरी केली, विदर्भात ज्या वावरात त्यांनी खड्डा खणला नाही असं वावर शोधावं लागेल. ते म्हणाले, "जैसलमेर जैसलमेर काय करून राह्यला बे? तिथं जाऊन पाहणार का होता? धूळच ना? मंग ते इथंबी आहे. चाल, मी दाखवतो." आतून मामी म्हणाल्या, "अजी, पोरगं सुट्टीवर आलं आहे, त्याला उन्हात नका मारू." दोघांपैकी कोणाचं ऐकलं गेलं ते पुढे कळेलच.

दिवस पहिला, घरातच

सकाळी तर्री पोहे झाले, घाम झाला, आणि मामींनी कूलरची टाकी साफ करायला लावली. पाहुण्याला कामाला लावायची ही पद्धत फक्त आजोळीच असते. टाकी उपसली तर तळाशी बोटभर जाड गाळ, तपकिरी, मऊ, वास मारणारा. मी तो मोरीत टाकणार तेवढ्यात मामा ओरडले, "थांब, फेकू नको!" आणि पाण्याची एक रिकामी बाटली घेऊन आले. गाळ बाटलीत भरला, वर स्केचपेनने लिहिलं, 'कूलर'. मग टाकीच्या कडेला वाळून बसलेला थोडासा खरवडला आणि दातात धरला. हो, दातात. मी बघतच राहिलो. मामी नाही बघत राहिल्या, त्यांना चाळीस वर्षांची सवय आहे.

मग मला समजावलं. जमीनवाले लोक फील्डवर हे करतात म्हणे. दाताखाली सरळ कचकच वाजलं, जिभेलाही दाणा लागला, तर रेती. जिभेला पिठासारखं लागतं पण पुढच्या दोन दातांत धरल्यावर बारीक कुरकुर येते, तो पोयटा. आणि कुरकुर अजिबात नाही, लोण्यासारखं पसरतं, ती चिकणमाती. आकड्यात सांगायचं तर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) २ मायक्रॉनच्या खाली चिकणमाती, २ पासून साधारण ६० मायक्रॉनपर्यंत पोयटा, त्याच्या वर २ मिलिमीटरपर्यंत रेती. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे पोयट्याचा दाणा केसाच्या जाडीपेक्षा बारीक. जगातली जी धूळ देश ओलांडून जाते, समुद्र ओलांडून जाते, ती या मधल्या मापाची नाहीतर त्याहून बारीक.

कूलरचा गाळ मामांच्या दातांनी 'पोयटा, थोडी चिकण, आणि बोअरचा क्षार लय' असा पास केला. विचार केला तर बरोबरच आहे. कूलर म्हणजे दिवसभर बाहेरची हवा ओल्या वुडवूलमधून ओढणारं मशीन, हवेतली धूळ ओल्या वुडवूलला चिकटते, वरून पडणारं पाणी तिला धुऊन टाकीत नेतं. दोन महिने प्रतापनगरची हवा गाळून जे उरलं ते बाटलीत होतं. याला इथे डेझर्ट कूलर म्हणतात हे त्या दिवशी पहिल्यांदा कानाला नीट ऐकू आलं.

मी विचारलं, मग हे आलं कुठून? मामा म्हणाले, तेच पाह्यला जायचं आहे उद्या. पाच वाजता उठ.

दिवस दुसरा, काटोल रोड

पाचला नाही, पावणेसहाला निघालो. मामांची जुनी वॅगनार, एसी बंद, मागच्या सीटवर कुदळ, भिंग, रिकाम्या बाटल्यांची पिशवी आणि मामींनी दिलेलं मठ्ठ्याचं कॅन. कळमेश्वर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी काळी वावरं सुरू झाली, नांगरून ठेवलेली, धुऱ्यावर पऱ्हाट्यांचे ढीग, मधेमधे संत्र्याच्या बागा. एका पांदणीला गाडी वळवली.

आधी वावर. भेगा अशा की माझा हात कोपरापर्यंत आत गेला, आणि पाय पण गेला, तो मुद्दाम नाही घातला. घोटा मुरगळला थोडा. मामा म्हणे, "हा पाह्य, हे भारी जमीन आपल्या हातानं नांगरते स्वतःले." उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, वरची माती भेगेत पडते, पावसात फुगते, खालची वर येते. हे सगळं चिकणमातीचं काम. ढेकळाचा कोपरा मोडला, थुंकीने ओला केला, बोटात मळला तर मळतच गेला, दोन इंच लांब पट्टी झाली तरी तुटेना. दातात धरून मामा म्हणाले, "लोणी."

आणि आता मुद्दा, जो मी शाळेत भूगोलात ९२ मार्क मिळवूनही ऐकला नव्हता. नागपूरच्या पश्चिमेला सगळा बेसाल्ट, दख्खनचा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सीताबर्डीची टेकडी पण तीच. या दगडात क्वार्ट्झ जवळपास नसतंच. जे असतं ते पाण्यात, हवेत, लाखो वर्षांत कुजतं (मामांचा शब्द, 'दगड कुजते') आणि कुजून चिकणमाती होते. पोयट्याला मात्र असा दाणा लागतो जो कुजत नाही, फक्त फुटतो. तो म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या जातीतलं खनिज. म्हणून या काळ्या मातीत थोडा पोयटा असतो, पण पोयट्याची खाण बघायची तर इथे नाही.

मी म्हटलं, मग आलो कशाला. त्यावर पांदण दाखवली.

पांदणीत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरने कुटून कुटून मातीचं पीठ झालेलं, घोट्याएवढा फुफाटा. पाय टाकला की पाण्यासारखा बाजूला सरकतो. वारा चांगला सुटला होता, नऊ वाजले असतील, सागाची वाळकी पानं उडत होती, माझी टोपी उडाली, प्लास्टिकची पिशवी बाभळीला जाऊन अडकली. आणि फुफाटा? शांत. एक कण हलत नव्हता. मामा नुसते हसत उभे. पाच मिनिटांनी एक ट्रॅक्टर आला आणि जे काही उठलं, त्यात ट्रॅक्टर दिसेना, मामा दिसेना, माझं तोंड उघडं होतं ते माझं चुकलं. आगीतून निघून फुफाट्यात ही म्हण मी आयुष्यभर वापरली पण फुफाटा खाल्ला त्या दिवशी.

तर याचं असं आहे. आपल्याला वाटतं जितका बारीक कण तितका वाऱ्याला उचलायला सोपा. तसं नाही. साधारण ७५ ते १०० मायक्रॉनचा दाणा, म्हणजे बारीक रेती, वाऱ्याला सगळ्यात सोपी. त्याहून मोठा झाला की वजन आडवं येतं, त्याहून बारीक झाला की कण एकमेकांना चिकटून बसतात आणि वर सपाट साय धरल्यासारखं होतं, वाऱ्याला बोट घालायला जागा मिळत नाही. बॅग्नोल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी होता, १९२०-३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या गाड्या घेऊन फिरायचा, आणि १९४१ साली त्याने वाळू कशी उडते यावर सगळं गणित मांडलं. त्याने वाऱ्याच्या बोगद्यात सिमेंटची पूड सपाट पसरून बघितली तर खडे गडगडतील एवढ्या वाऱ्यातही ती पूड उठली नाही.

मग वाळवंटात ट्रॅक्टर कोण चालवतो? रेती. बारीक रेतीचा दाणा वाऱ्याने उचलला जातो, टुणकन उडी मारतो, थोडं पुढे जाऊन धाडकन खाली आदळतो, आदळताना दुसरे दाणे उडवतो आणि चिकटून बसलेल्या बारीक धुळीच्या कपच्या उडवतो. एकदा धूळ उडाली की रेती परत खाली, आणि धूळ वर, वर, वर. रेती बिचारी गुडघ्याच्या खालीच उड्या मारत राहते. म्हणजे वाळवंटातून जे निघून जातं ते वाळू नसतं, वाळू मागेच राहते.

येताना एक वावटळ दिसली, तापलेल्या वावरावर उभी, पाच-सात पुरुष उंच, कडबा घेऊन नाचत होती. व्हिडिओ काढेपर्यंत विरली. नेहमीचंच.

काटोलची बाटली भरून घेतली. कळमेश्वरला रसवंतीवर थांबलो, घरी आलो, साडेअकराला पारा ४३.

दिवस तिसरा, कामठी आणि कन्हान

घोटा सुजला होता, तरी गेलो. आता उलट्या दिशेला. नागपूर शहराची गंमत अशी की ते बरोबर शिवणीवर बसलंय, पश्चिमेला बेसाल्ट आणि पूर्वेला त्याहून कितीतरी म्हातारा नाईस, ग्रॅनाईटचा भाऊ, आणि उत्तर-पूर्वेला कामठीकडे गोंडवानाचे, म्हणजे त्या नावाच्या जुन्या दक्षिणेकडच्या महाखंडाच्या काळातले, वाळूचे दगड आणि कोळसा. इतक्या वेळा नागपूरला आलो, संत्रा बर्फी नेली, ही शिवण कोणी दाखवली नाही.

कन्हानच्या पात्रात उतरलो तेव्हा सात वाजले होते. पाणी एका कडेला धार धरून, बाकी सगळी रेती, पलीकडे डांगरवाडी, टरबुजं वेलींना. एका काकांनी टरबूज फोडून दिलं आणि पैसे घेईनात, मामा म्हणाले घ्या हो, मग वीस रुपये घेतले. रेती मुठीत घेतली की अभ्रक चमकतं. भिंगाखाली धरलं तर काचेसारखे, दुधी, मधेच गुलाबीसर दाणे. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार. ही सगळी वरच्या सातपुड्याकडच्या आणि इकडच्या नाईस-सँडस्टोनची झीज. दातात धरायची गरज नव्हती पण मामांनी धरली, "कचकच."

आता हा दाणा अर्धा मिलिमीटर. पोयटा व्हायचा तर याचे दहाव्या भागाइतके तुकडे व्हायला पाहिजेत. आणि क्वार्ट्झ भयंकर कडक, काचेवर चरा ओढतं, त्याला अभ्रकासारख्या फुटायच्या ठरलेल्या चिरा नसतात. नदीत हजार किलोमीटर गडगडला तरी कडा गोल होतात, पण दोन तुकडे होणं अवघड. मग जगात पोयट्याचे डोंगरच्या डोंगर आले कुठून? यावर शास्त्रज्ञांची चांगली शंभर वर्षं भांडणं झाली आहेत असं मामा फार आनंदाने सांगतात.

एक तर दाण्याच्या जन्मातच खोट असते. ग्रॅनाईट जमिनीखाली थंड होताना क्वार्ट्झ ५७३ अंशाला आपली आतली रचना बदलतं आणि शेजाऱ्यांपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे आतमध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा राहतात. त्या चिरांवर नंतर कोणी ना कोणी घाव घालतं. सगळ्यात जोरदार घण म्हणजे हिमनदी, शेकडो मीटर जाडीचा बर्फ तळाशी दगड धरून दगडावर घासत जातो, जातं फिरावं तसं, आणि खाली पीठ पडतं. हिमालयातल्या नद्या उन्हाळ्यात दुधासारख्या पांढुरक्या दिसतात तो हा पीठाचा रंग. मग थंड डोंगरात चिरांमध्ये पाणी शिरून गोठतं, फुगतं, पाचर मारतं. वाळवंटात तेच काम मीठ करतं, दवाने विरघळतं, उन्हाने स्फटिक होतं, पुन्हा पाचर. आणि टेकड्यांमधली वाळू एकमेकींवर आदळून टवके उडतात ते वेगळे, शाळेत 'संनिघर्षण' पाठ केलेलं आठवतंय का, ते हे. हिमनदीवाले म्हणायचे वाळवंट एवढा पोयटा करूच शकत नाही, वाळवंटवाले म्हणायचे करतं. माझं मत कोणी विचारलं नाही, पण घण हिमनदीचाच मोठा आणि वाळवंटाने पण आपला वाटा उचलला असं दोन्ही धरून चालावं असं दिसतं.

मी म्हटलं, नागपूरला काय उपयोग, ४४ डिग्रीत कसली हिमनदी. यावर मामांनी जो चेहरा केला तो बघण्यासारखा होता, चाळीस वर्षं या प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा. म्हणाले, होती! विदर्भातल्या गोंडवाना थरांच्या सगळ्यात खाली जे तालचीरचे थर आहेत ते हिमनदीचेच, साधारण तीस कोटी वर्षांपूर्वीचे, तेव्हा हा सगळा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. चंद्रपूरकडे इरई गावाजवळ चुनखडकावर बर्फाने ओढलेल्या रेघा आहेत, खिळ्याने फरशीवर चरे पाडावे तशा. आणि तालचीरचे जे हिरवट, सुयांसारखे फुटणारे बारीक दगड आहेत ते वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात बसलेलं तेच पीठ. कन्हानच्या रेतीत उभं राहून, डोक्यावर ओला टॉवेल, हातात कोमट टरबूज, मी बर्फ डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला. नाही आला.

कामठीवरून येताना हिस्लॉप साहेबांची गोष्ट निघाली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळ्यांना माहीत, पण ते मिशनरी गृहस्थ या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा करत फिरायचे हे मला माहीत नव्हतं. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेला ओढा ओलांडताना बुडाले. मामा त्यांच्याबद्दल सिनियर साहेबांबद्दल बोलावं तसं बोलतात.

कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राकडून वळसा घेतला. रस्त्याच्या कडेला डंपरमधून सांडलेल्या राखेची पांढुरकी रेघ होती, मामांनी उतरून बाटलीत थोडी घेतली. ही दातात नाही धरली, मी नाही धरू दिली. कोळशातलं मातीचं द्रव्य भट्टीत वितळून थेंब होतात आणि उडता उडता थिजतात, म्हणून राखेचा दाणा काचेच्या गोळीसारखा गोल असतो आणि मापाने बराचसा पोयट्याएवढाच. काही तर आतून पोकळ असतात, पाण्यावर तरंगतात. घरी बाटलीत पाणी घातलं तर खरंच थोडी साय वर राहिली. म्हणजे जे करायला हिमनदीला हजारो वर्षं लागतात ते आपण रोज चिमणीखाली पोत्याने करतो, आणि मग तिथल्या बायका वाळवणं आत घेत फिरतात.

दिवस चौथा, घरी

४५. मामींनी दोघांनाही बाहेर पडायला बंदी केली. बरं झालं.

कूलरसमोर सगळ्या बाटल्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीत मूठभर माल, पाणी, आणि मामींच्या नकळत चिमूटभर कपड्याची पावडर, कारण काळ्या मातीत चुना असतो, त्याने चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गठ्ठ्याने खाली बसतात आणि सगळा हिशोब चुकतो. हलवून ठेवल्या. कन्हान: मिनिटभरात वर पाणी जवळपास स्वच्छ. कूलर: तासाभराने वर फिकट चहा. काटोल: काही नाही, काळा चहा, ढिम्म. मोठा कण लवकर बुडतो हे सगळ्यांना माहीत आहे पण किती लवकर ते बघायला मजा येते. ५० मायक्रॉनचा दाणा पाण्यात १० सेंटिमीटर खाली यायला पाऊण मिनिट घेतो, २० मायक्रॉनचा पावणेपाच मिनिटं, आणि २ मायक्रॉनचा आठ तास. माप अर्धं झालं की वेग पाव होतो.

हवेत पण गणित तेच, फक्त वेग जास्त. मामांनी एका लग्नपत्रिकेच्या मागे मांडलं (लग्न मागच्या महिन्यात झालं होतं, काळजी नको). ५० मायक्रॉनचा दाणा सेकंदाला २० सेंटिमीटर पडतो. किलोमीटरभर उंच गेला आणि वारा ताशी ३६ किलोमीटरचा धरला तर खाली यायला दीड तासही लागत नाही, म्हणजे पन्नास किलोमीटरवर खेळ खल्लास. अर्थात हवा काही शांत नसते, परत परत उचलते, तरी शेकडो किलोमीटरच्या हिशोबात तो उतरतो. १० मायक्रॉनचा दाणा मात्र सेकंदाला पाऊण सेंटिमीटरच्या जरा वर, किलोमीटर उतरायला ३५ तास, तेवढ्यात वारा त्याला साडेबाराशे किलोमीटर नेतो. आणि २ मायक्रॉनवाला तर तासाला मीटरभर. तो पावसाशिवाय खाली येतच नाही म्हणा.

मी गुगल मॅपवर रेषा ओढली. जैसलमेर ते नागपूर सरळ हजार किलोमीटरच्या थोडं वर.

"म्हणजे," मामा म्हणाले, "तू नाही गेला तं नाही गेला, त्याचं काही अडलं नाही."

तर लोएस. नववीच्या भूगोलात बारखाणच्या, म्हणजे चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकडीच्या, खाली एक ओळ होती, लोएस मैदान, वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचं, उदाहरण चीन, दोन मार्क. ते लोएस म्हणजे हाच ५०-४०-३० मायक्रॉनचा पोयटा जो फार लांब जाऊ शकत नाही आणि वाळवंटाच्या, हिमनदीच्या शेजारच्या प्रदेशात उतरून थरावर थर बसतो. शब्द जर्मन, ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातला, मोकळी माती अशा अर्थाचा, १८२० च्या दशकात पुस्तकात आला. बरीच वर्षं लोकांना वाटायचं ही पाण्याने आणलेली माती, मग रिश्टहोफेन नावाचा जर्मन चीनभर फिरला आणि १८७० च्या दशकात म्हणाला, हे वाऱ्याचं काम, कारण ही माती डोंगरावर पण चढलेली आहे आणि तिच्यात जमिनीवरच्या गोगलगाईंचे शंख सापडतात. चीनमध्ये काही ठिकाणी तीनशे मीटरपर्यंत थर आहेत, पंचवीस लाख वर्षांपेक्षा जास्त काळ साठत आलेले. पिवळी नदी पिवळी आहे ती याने. गेल्या शतकाच्या मध्यात ती वर्षाला १६० कोटी टन गाळ वाहायची, आता धरणं आणि झाडं लावून तो खूप कमी झालाय.

या मातीची एक विचित्र गोष्ट, कण टोकदार असल्याने आणि थोड्या चुन्याने एकमेकांत अडकून बसलेले असतात, म्हणून ती उभी कापली तरी भिंतीसारखी उभी राहते. लोक त्यात घरं कोरून राहतात, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण भिजली किंवा हादरली की बसते, एकदम. १५५६ च्या चीनमधल्या शाआन्शीच्या भूकंपात आठ लाखांवर माणसं गेली असं धरतात, त्यात या मातीत कोरलेल्या घरांत झोपलेले किती असतील. मामी भाजी निवडत ऐकत होत्या, म्हणाल्या, "बाप्पा." मग कोणी काही बोललं नाही थोडा वेळ, कूलर चालू होता.

आपल्याकडे लोएस काश्मीरमध्ये आहे, करेवा म्हणतात त्या पठारांच्या माथ्यावर. केशर करेवांवरच पिकतं. मामींचा मूड लगेच परत आला, केशर काय भाव हो आता.

आणि खरी लांब उडी सहाराची. चाडमध्ये बोडेले नावाचा खोलगट भाग आहे, जुन्या तळ्याचा कोरडा तळ, दोन डोंगरांच्या मधून वारा त्यावर येतो. तिथली आणि आसपासची धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलात पडते, उपग्रहाच्या मोजणीनुसार सरासरी वर्षाला २ कोटी ७७ लाख टन, त्यात २२ हजार टन फॉस्फरस. म्हणजे तिथल्या जंगलाला खत वाळवंटातून जातं, फुकट, रॉयल्टी नाही. डार्विनच्या जहाजावर पण केप व्हर्दे बेटांजवळ १८३२ मध्ये ही धूळ पडली होती, त्याने ती जपून ठेवली. मामांचं मत, त्याने पण दातात धरली असणार.

मला एकदम २०२२ चा जानेवारी आठवला, पुण्यात आमच्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्या एका सकाळी पांढऱ्या, हवा दुधट, मुंबईत पण तेच. कराचीकडून अरबी समुद्रावरून धुळीचं वादळ आलं होतं. मी तेव्हा वॉचमनला ओरडलो होतो, पार्किंगसमोर कोणी सिमेंट उडवलं म्हणून.

रात्री सावजी. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, इथे फक्त एवढंच की कूलरच्या टाकीत तोंड घालावंसं वाटलं.

दिवस पाचवा, आंभोरा

"रेती पाह्यली, चिकण पाह्यली, आता खरा पोयटा," असं म्हणत साडेपाचला निघालो. कुहीवरून आंभोरा. वैनगंगेला इथे कन्हान, आम, मुरझा, कोलारी येऊन मिळतात असा पाच नद्यांचा संगम, वर चैतन्येश्वराचं देऊळ, आणि आता तो नवा केबलचा पूल, ज्यावर सेल्फीवाल्यांची जत्रा असते. सकाळी सातला कोणी नव्हतं. धरणाचं फुगलेलं पाणी उन्हाळ्यात मागे हटलेलं, काठ उघडा.

आणि तो काठ! करड्या रंगाचा, वर पापडासारखे वळलेले पापुद्रे, पाय ठेवला की कुरकुरतात, खाली मऊ. मामा चप्पल काढून त्यात उभे राहिले, अगदी लहान पोरासारखे. माझ्या हातावर एक मूठ ठेवली. मैदा. मळून पट्टी करायला गेलो तर अर्ध्या इंचावर तुटली. वाळल्यावर हात झटकले तर सगळी उडून गेली, काळ्या मातीसारखा नखात डाग नाही. मामांनी दातात धरली, डोळे मिटले, आणि माझ्यापुढे हात केला. मी पण धरली. कुरकुर, अगदी बारीक, बाहेर ऐकू येणार नाही अशी, पण कवटीत घुमते.

नदी धावते तेव्हा पोयटा पाण्यात लटकून येतो, धरणाचं थांबलेलं पाणी लागलं की हात सोडतो. रेती आधीच मागे बसलेली असते, कन्हानला पाहिली ती. चिकणमाती आणखी पुढे, धरणाच्या पोटात. इथे मधलं माप उतरतं. वाऱ्याचा जो हिशोब लग्नपत्रिकेवर मांडला होता तो काठावर मांडून ठेवलेला. देवळात जाऊन आलो, मासळीचं जेवण मिळत होतं पण सावजीची आठवण ताजी होती म्हणून दहीभात.

परत निघायला तीन वाजले. पाचगाव यायच्या आधी वायव्येकडचं आकाश तांबूस-पिवळं झालं, आधी मला वाटलं कोणी धुरा पेटवला. मामा म्हणाले, "आंधी. गाडी लाव." एका चहाच्या टपरीला लावली. वारा आधी पूर्ण पडला, पान हलेना, मग समोरून एक भिंत आली. खरंच भिंत, विजेच्या तारांच्या वरपर्यंत, पायथ्याशी जाड, वर पिसारलेली. ढगातून गार हवा धबधब्यासारखी खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि वाटेतली सगळी धूळ पुढे लोटत येते. सुदानमध्ये याला हबूब म्हणतात. टपरीवाल्याने पत्र्यावर दगड ठेवलेले होते, आणखी दोन ठेवले, गॅस बंद केला आणि म्हणाला, "पाच मिनिटं फक्त." त्याचा अनुभव दांडगा, सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत पोटऱ्यांना सुया टोचत होत्या, म्हणजे रेती, आणि श्वासात गेली ती धूळ. दोघी वेगवेगळ्या उंचीवर, बॅग्नोल्ड म्हणाला तशा.

मग टपोरे थेंब पडले, मोजून शंभरेक, आणि थांबले. वॅगनारच्या काचेवर प्रत्येक थेंबाने एक गोल तपकिरी डाग सोडला, कडेला जाड, मधे पातळ. मामांनी क्रेडिट कार्डाने ते खरवडून शेवटच्या बाटलीत भरले. मी विचारलं, यात जैसलमेर असेल? त्यांनी चिमूट दातात धरली, बराच वेळ.

"जैसलमेरचं माहीत नाही," ते म्हणाले, "पण अर्धी तं इथल्याच वावराची आहे. लोणी लागून राह्यलं."

निघायचा दिवस

गाडी दुपारची. सकाळी बाटल्या बघायला गेलो तर 'कूलर' गायब. मामींनी मोरीत ओतली होती, "घाण पाणी, डास होतील म्हणून." मामा काही बोलले नाहीत, टाकी पुन्हा उघडून बघत बसले, तळ एकदम स्वच्छ, मी घासलेला. आंभोऱ्याची बाटली एका रात्रीत छान बसली होती, खाली करडा थर, वर पाणी. काटोलची मात्र तशीच.

आज पुण्याला येऊन सहा दिवस झाले. मामांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकलाय, काटोलची बाटली, अजून गढूळ, आणि मामींनी विचारलंय की कूलरवरची ती एक तरी आता फेकू का.